करंजी घाटातला लाल दिवा

मामंजी, कागद पुढ्यात घेतला आणि मनात पहिलं वाक्य आलं ते असं: आत्याबाई, मामंजींना सांगा. लग्न होऊन तिसगावात आल्यापासून मी तुमच्याशी असंच बोलत आले. तुम्ही ओसरीवर, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत, आणि मध्ये सासूबाई, म्हणजे आपल्या आत्याबाई, सुपात बाजरी घेऊन बसलेल्या. मी म्हणायचे, मामंजींना विचारा, चहा टाकू का. तुम्हाला ते ऐकू गेलेलं असायचं. तरी आत्याबाई मान वळवून तुम्हाला विचारायच्या, तुम्ही त्यांना हो म्हणायचात, आणि ते मला ऐकू आलेलं असलं तरी त्यांनी पुन्हा सांगितल्याशिवाय मी चहा टाकत नसे. शेवटचं वर्षभर आपण समोरासमोर बोललो खरं, पण जुनी सवय लवकर सुटत नाही.

दुखवट्याला माणसं येतात. कुणी तुम्ही मिटवलेल्या बांधाच्या भांडणांबद्दल बोलतं, कुणी तुमच्या बैलांच्या पारखीबद्दल. मी आतून ऐकते. सगळं खरं आहे. पण तुमच्याबद्दल मला जे कुतूहल उरलं आहे ते यातल्या कुणालाच नाही, आणि मी ते बोलून दाखवलं तर म्हणतील, सुनेचं डोकं फिरलं. सासरा गेला आणि ही जीपच्या दिव्याचं काय घेऊन बसली आहे.

पण घेऊन बसले आहे. आणि पहिल्यापासून सांगणार आहे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी ऐका, कारण आपल्या वादात मला सलग बोलायला कधी मिळालंच नाही. माझं अर्धं म्हणणं आत्याबाई सांगायच्या आणि अर्धं त्यांना कंटाळवाणं वाटलं की गाळून टाकायच्या.

माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा घरात बैलगाडी होती, दुसरं वाहन नव्हतं. माझ्या माहेरी आई नाही. भाऊ शेवगावला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून एकटा राहणारा. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरी करायचं ठरलं. कळा संध्याकाळी सुरू झाल्या. सुईण म्हणाली, हिला नगरला न्या. तुम्ही म्हणालात, सकाळची एस.टी. धरू. सकाळ झाली तेव्हा मी तेवढी उरले होते. त्यावर घरात कुणी पुढे एक शब्द काढला नाही, आणि पुढच्या वर्षी तुम्ही नगरच्या एका ठेकेदाराची जुनी जीप घेऊन दारात उभे राहिलात. गाव म्हणालं, म्हाताऱ्याला हौस सुटली. पन्नाशी उलटल्यावर तुम्ही स्टिअरिंग धरायला शिकलात, आणि धरायचात असं की जणू पेरताना पाभरीवर वाकला आहात. जीप कशासाठी आली ते घरात प्रत्येकाला कळत होतं.

मग दुष्काळाचं ते वर्ष आलं, आणि दसऱ्यानंतर तो दिवा लागायला लागला.

जीपच्या डॅशबोर्डवर गुंजेएवढा लाल दिवा होता. चावी फिरवली की लागायचा आणि मशीन सुरू झालं की विझायचा, हे त्याचं रोजचं काम. चालत्या गाडीत तो लागला, तर मशीनमधल्या ऑइलचा दाब गेला असं समजायचं आणि ताबडतोब थांबायचं, नाहीतर आतलं लोखंड लोखंडावर घासून मशीन कायमचं आवळून बसतं. ठेकेदाराच्या ड्रायव्हरने तुम्हाला एवढं शिकवलं होतं, आणि तुम्ही ते गुरुमंत्रासारखं पाळत होता. दिवा लागला की जीप रस्त्याच्या कडेला, मशीन बंद, बॉनेट वर. तुम्ही दगडावर बसून विडी ओढणार, आणि मशीन गार झालं की पुन्हा चावी फिरवणार. बाजारहाटाला बरोबर आलेली माणसं कंटाळून पायी निघून जायची.

गंमत अशी की तो दिवा गावात कधी लागला नाही. पाथर्डीच्या सरळ रस्त्यावर लागला नाही. लागायचा फक्त करंजी घाटात, तोही नगरकडे जाताना. येताना तोच घाट, तीच जीप, तेच तुम्ही, आणि दिवा गुपचूप. आत्याबाई म्हणाल्या, त्या दिव्याला नगर मानवत नाही. त्यांनी जीपची दृष्ट काढली आणि बंपरला लिंबू-मिरची बांधली. त्या साली लिंबू डोळ्याला दिसत नव्हतं, ते त्यांनी कुठून पैदा केलं ते आजही मला माहीत नाही.

नगरच्या मिस्त्रीने आधी ऑइल बदललं. मग मशीनच्या कुशीत एक पितळी स्विच असतो, ज्याची तार दिव्यापर्यंत जाते, तो नवा टाकला. दुकानासमोरच्या सपाटीवर जीप फिरवून दाखवली. दिवा शांत. वैद्याला पाहून दुखणं पळावं तसं झालं होतं. तुम्ही खुशीत आलात, पेढे आणलेत, आणि पुढच्या खेपेला घाटाच्या दुसऱ्याच वळणावर तो हजर. मग मिस्त्री म्हणाला की आता मशीनच खोलावं लागेल. तुम्ही जीप तशीच घरी आणलीत. धडधाकट जनावराचं पोट फाडून बघायला तुमचं मन धजत नव्हतं, असं तुम्ही आत्याबाईंना सांगितलंत, म्हणजे मला.

आणि तिथून आपलं सुरू झालं.

लग्नाआधी मी भावाच्या दुकानात बसायचे. रेडिओ खरखरला म्हणून आत काही जळलेलंच असतं असं नाही, हे मी तिथे पाहिलं होतं. पुष्कळदा एखादी तार नको तिथे टेकलेली असते, बास. दिव्याच्या तारेला मशीनचं लोखंड कुठूनही लागलं तरी दिवा लागणार, मग ऑइल असो नसो. मी आत्याबाईंना म्हटलं, मामंजींना सांगा, दिवा खोटं बोलतो आहे. कुठेतरी काहीतरी टेकतंय. ओसरीवर तुमचं तंबाखू मळणं थांबलं. मग तुम्ही आत्याबाईंकडे न बघता म्हणालात, "तिला सांग, घागर कलती केली की पानी कुठं जातं? मागं. चढाला ऑइल बी मागंच जातंय. पंपाच्या तोंडाला घावत न्हाई. दिवा खरं बोलतोय."

हे मला सुचलं नव्हतं. मी पोळ्या लाटताना दुपारभर त्यावर विचार केला आणि मला इतका आनंद होत होता की आत्याबाईंनी विचारलं, काय ग, कशाला हसतेस. इथे येऊन मला कुणी कोडं घातलं नव्हतं. संध्याकाळी मी निरोप पाठवला की ऑइल पुरतं खुणेपर्यंत भरून बघावं. तुम्ही भरलंत. दिवा लागला. तुम्ही म्हणालात, घागर भरलेली असली तरी कलती ती कलतीच.

मढीच्या वाटेवरच्या चढाला मुरमाची पोती भरून जीप नेली तर तिथेही दिवा लागतो, हा शोध तुमचा. त्यामुळे घाटापर्यंत न जाता आपल्याला घरच्या घरी परीक्षा घेता यायला लागली. दुष्काळात शेतात काम नव्हतंच. लोक खडी फोडायला जायचे, आणि येता-जाता तुम्हाला बघायला थांबायचे. एके दिवशी तुम्ही जीप पाठमोरी, मागच्या गिअरमध्ये चढावर घेतलीत. मी आणि आत्याबाई बाभळीखाली बसून बघत होतो. कुणीतरी विचारलं, मामा, जीपला काय उलटी पावलं फुटली का. तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत. दिवा लागला नाही. तुम्ही वर पोचून आत्याबाईंना ओरडून सांगितलंत की बघा, तोंड खाली केलं, ऑइल पुढे आलं, दिवा विझला. मी म्हटलं, आत्याबाई, सांगा की उलट जाताना मशीनची ओढही उलटी होते, मग जे टेकत होतं ते लांब गेलं. एका पुराव्यावर आपण दोघांनी हक्क सांगितला. आत्याबाई बाभळीखालून उठल्या आणि म्हणाल्या, "मी काय पोष्टमन हाय का तुमचा? बोला की एकमेकाशी, न्हाईतर गप बसा." आपण दोघंही गप्प बसलो. ती रीत मोडायची आपल्यापैकी कुणाला कल्पनाच नव्हती.

माझी शेवटची परीक्षा मला अजून बरोबर वाटते. जीप चढावर तोंड वर करून नुसती उभी करायची, मशीन जोरात चालू ठेवायचं. ऑइल मागे जात असेल तर उभ्या गाडीतही जाईल आणि दिवा लागेल. तुम्ही केलंत तसं. दिवा लागला नाही. मी जिंकले होते. तुम्ही मान्य केलं नाहीत. म्हणालात, उभ्या बैलाला तहान लागत नाही, ओढणाऱ्याला लागते. तुमचं हे असं होतं, मामंजी, हरलात की बैल मध्ये आणायचात.

एरवी हा खेळ वर्षभर चालला असता आणि मजेत चालला असता. पण मला तेव्हा सहावा महिना लागला होता, आणि नगरचा दवाखाना घाटाच्या पलीकडे होता. एका संध्याकाळी तुमचा निरोप आला. दिवा खोटा मानून पुढे गेलो आणि खरा निघाला तर? तुमचं म्हणणं मला कळत होतं. खोट्या दिव्यासाठी थांबलं तर एका विडीची खोटी होते. खऱ्या दिव्याकडे काणाडोळा करून गेलं तर अवघडलेली बाई भर घाटात बंद पडलेल्या जीपमध्ये. मी आत्याबाईंना म्हटलं, "आणि खरा मानून थांबलो, आणि तो खोटा निघाला तर?" आत्याबाईंनी हे तुमच्यापर्यंत पोचवलं नाही. पोचवायची गरज नव्हती. तुम्ही उठून गोठ्यात गेलात आणि बराच वेळ आला नाहीत. त्यानंतर दिव्यावरचे निरोप बंद झाले.

संक्रांत झाली की मला नगरला मामेसासूबाईंकडे नेऊन ठेवायचं असं ठरलं होतं. तेवढा दम बाळाला निघाला नाही. धुंधुरमासातली सकाळ होती, भाकरीचं पीठ मळताना पहिली कळ आली. हे साखर कारखान्यावर कामाला, आठवड्याने येणारे. घरात आपण तिघं. तुम्ही मला काही विचारलं नाहीत, आत्याबाईंनाही नाही. अंगणात जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मागे गोधड्या घातलेल्या होत्या, त्या तुम्ही कधी घातल्यात मला माहीत नाही.

करंजीपर्यंत मी दात आवळून होते. घाट लागला. दुसऱ्या वळणावर डॅशबोर्डवर तो लागला. मला मागून दिसला, तुमच्या दंडाआडून. तुमचा पाय ब्रेकवर गेला, जीप कडेला लागली, मशीन बंद झालं. आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला. तुम्ही उतरलात, बॉनेट उघडलंत आणि नुसते बघत उभे राहिलात. विडी काढली नाहीत. खालून येणारं एकही वाहन दिसत नव्हतं. कळ आली आणि गेली, आणि मला पक्कं समजलं की आता विचार करायचं काम माझ्या एकटीचं आहे. आत्याबाईंना सांगून त्यांनी तुम्हाला सांगायला वेळ नव्हता.

"मामंजी," मी म्हटलं, "दिवा खोटा आहे. थांबू नका. चालवा."

माझा आवाज मलाच परका वाटला. तुम्ही वळून बघितलंत, माझ्याकडे, सरळ. मग बॉनेट पाडलंत, येऊन बसलात, डोक्यावरची टोपी काढलीत आणि ती डॅशबोर्डवर दिव्यापुढे खोचलीत. तुम्हाला उघड्या डोक्याने मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मागून केस पांढरे आणि विरळ, आणि टाळूवर मुलासारखा भोवरा. चावी फिरली. वर पोचेपर्यंत टोपीच्या पातळ कापडातून लाल उजेड दिसत होता. मी पूर्ण घाटभर मशीनचा आवाज ऐकत होते, कळा सोसत होते त्यापेक्षा जास्त लक्ष देऊन. माझं चुकलं असेल तर त्या आवाजात आधी कळणार होतं. चुकलं नव्हतं. माथ्यावर जीप सपाटीला लागली आणि टोपीतला उजेड गेला.

नगरच्या दवाखान्यात दुपारी मुलगी झाली. रडली. आत्याबाई सांगतात, तो आवाज ऐकेपर्यंत तुम्ही व्हरांड्यात उघड्या डोक्यानेच उभे होता, आणि आल्या-गेल्याला वाटत होतं की या घरात काही वाईट झालं.

सव्वा महिन्यानंतर मी तिसगावला आले तेव्हा मला कळलं की मधल्या काळात तुम्ही जीपच्या मशीनला कुणाला हात लावू दिला नाही. ह्यांनी मिस्त्रीला बोलावतो म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, सून येऊ दे. मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही जीप अंगणात मधोमध आणलीत. मागच्या चाकांना मोठे दगड लावलेत. ह्यांना गाडीत बसवून सांगितलंत की ब्रेक दाब, गिअर टाक आणि क्लच हळूहळू सोड, म्हणजे मशीन ओढेल पण गाडी हलणार नाही. ही युक्ती सर्वस्वी तुमची. ओढताना बैल एका खांद्यावर कलतो, मशीनही कलत असेल, असं तुमच्या डोक्यात आलं होतं. पुन्हा बैल. पण या वेळी बैल माझ्या बाजूने होता, आणि हे तुम्हाला ठाऊक होतं.

ह्यांनी क्लच सोडला आणि आपण दोघांनी पाहिलं की अख्खं मशीन आपल्या रबरी बुडावर एका अंगाला झुकलं. ह्यांनी आतून सांगितलं, लागला, लागला. मी आणखी वाकले. तेव्हा तुम्ही बोललात. आत्याबाईंना नाही. "पदर आवर, पंखा हाय," तुम्ही म्हणालात, मला. मी पदर कमरेला खोचला आणि बोट दाखवलं. पितळी स्विचच्या टोकाजवळ एक बारीक तार लोंबत होती. मशीन झुकलं की स्विचचं टोक तिला जाऊन टेकायचं. तारेचं दुसरं टोक समोरच्या जाळीला पिळून बांधलेलं होतं, आणि त्या पिळात झेंडूची एक वाळकी पाकळी अडकली होती.

दसऱ्याला वाहनाची पूजा करताना आपण हार बांधतो. त्या साली झेंडू कुठे होता? आत्याबाईंनी थोडी फुलं आणि आंब्याची पानं मिळून कसाबसा हार केला, तो वाऱ्याने तुटू नये म्हणून दोऱ्याऐवजी तारेत ओवला, आणि तुम्ही तो जाळीतून आत घेऊन पक्कडीने पक्का बांधलात. हार सुकल्यावर बाहेरचा तेवढा तोडला. आतलं शेपूट कुणाच्या लक्षात राहिलं नाही. म्हणजे जीपला काही होऊ नये म्हणून जे बांधलं होतं, तेच तिला महिनोन्महिने घाबरवत होतं. आत्याबाई मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुम्ही ती तार काढून खिशात टाकलीत आणि इतके हसलात की शेवटी ठसका लागला.

त्यानंतर आपण बोलायला लागलो. पहिल्यांदा मशीनबद्दल, मग विहिरीवरच्या पंपाबद्दल, मग कशाबद्दलही. पाऊस नीट झाला, पेरणी झाली, आणि संध्याकाळी तुम्ही ओसरीवरून थेट विचारायचात, काय ग, चहा हाय का. आत्याबाई म्हणायच्या, माझी नोकरी गेली.

पण एक प्रश्न मी तुम्हाला वर्षभर विचारत राहिले आणि तुम्ही वर्षभर टाळलात. त्या दिवशी घाटात तुम्ही गाडी का चालवलीत? माझं गणित पटलं म्हणून? की पटलं नव्हतं, पण शेंडी तुटो वा पारंबी, मशीन जळालं तर जळू दे, असं ठरवलंत म्हणून? या दोन्हीत फार फरक आहे. मला पहिलं हवं होतं, हे लपवत नाही. या घरात भाकरी चांगली होते म्हणून माझं नाव निघालं होतं, पण विचार बरोबर केला म्हणून कधी निघालं नव्हतं. तुम्ही एकदा म्हणालात, दिवा डोळ्यात खुपत होता. एकदा म्हणालात, टोपी गरम झाली होती. एकदा मुलीला खांद्यावर घेऊन म्हणालात, हिला विचार, तिला घाई होती. मीही सोडणारी नव्हते. मला वाटलं होतं, आपल्याकडे अजून पुष्कळ संध्याकाळी आहेत.

गेल्या महिन्यात तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. लोक विचारतात, आधी काही जाणवलं होतं का. मीही शोधते आहे, मला ती खोडच आहे. शेवटचा आठवडा उलटसुलट करून बघते. भाकरी रोजच्याइतकी खाल्लीत, रानात गेलात, नातीला गुळाचा खडा दिलात आणि मी रागावले म्हणून दुसरा दिलात. मला कुठेच काही सापडत नाही, आणि न सापडण्याचंही वाईट वाटतं.

तेरावा झाल्यावर परवा मी आणि आत्याबाई गहू निवडत होतो. दोघींचे हात चालू होते, ओसरी रिकामी होती. मी त्यांनाच विचारलं. म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही आमचे निरोप पोचवलेत, हा एक राहिलाय. घाटात त्यांनी गाडी का चालवली, तुम्हाला काही बोलले होते का. आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हनले हुते," त्या म्हणाल्या. "दिव्याचं न्हाई काही. म्हनले, सून बोलली माझ्याशी. पहिलं बाळ गेलं तवापासनं ती माझ्याशी बोलत न्हाई, माझ्यापायी गेलं म्हून. आज बोलली. आता मशीन जळू दे न्हाईतर राहू दे, थांबायचं कसं?"

मी म्हटलं, पण मी तर त्याआधीही त्यांच्याशी बोलत नव्हते. कुठलीच सून बोलत नाही. आत्याबाई म्हणाल्या की तेही त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नव्हतंत. तुम्ही म्हणाला होतात, आधी आतून हसायचा आवाज तरी यायचा.

मामंजी, तेव्हापासून मी बसून आठवते आहे, जसं आपण दोघांनी बॉनेटखाली डोकं घालून पाहिलं होतं तसं. बाळ गेल्यावर माझं हसणं गेलं होतं, हे खरं. मला राग होता, हेही खरं. रात्रीचा होता, रस्त्याचा होता, देवाचा होता, माझ्या स्वतःच्या शरीराचा होता. सगळ्या जागा तपासल्या. तुम्ही त्या सकाळी ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि तुमचे खांदे हलत होते, ते मी आतून पाहिलं होतं. त्या माणसावर कुणी रागवावं कसं? मी गप्प राहिले ती रीत म्हणून, तुमचा मान म्हणून. आणि तुम्ही तो मान दोन-अडीच वर्षं शिक्षा म्हणून भोगलात, त्याच्यापायी एक जीप विकत घेतलीत, म्हातारपणी चालवायला शिकलात, आणि दिव्याच्या निमित्ताने माझे निरोप येऊ लागले तेव्हा मढीच्या चढावर गावाचं हसू सोसत उलटे-सुलटे चढत राहिलात. मला वाटत होतं आपण ऑइल शोधतो आहोत.

तुम्ही माझं गणित मानलंत की नाही, ते आता मला कळणार नाही, आणि खरं सांगू, ते आता तितकं नडत नाही. पण तुम्हाला जे कळायला हवं होतं ते मी कधी सांगितलं नाही, कारण ते तुम्हाला हवं आहे हेच मला माहीत नव्हतं. शेवटचं वर्षभर रोज समोरासमोर बोलत होतो, चहा, पंप, पेरणी, आणि ते एक वाक्य राहून गेलं. आज आत्याबाईंना मध्ये न घालता सांगते. तुमच्यावर माझा राग नव्हता, मामंजी. एक दिवससुद्धा नव्हता.